ठकूच्या वाटचा कण

एकदा काय झालं, कोंबडीच्या एका अंड्यात चार घरांची आळी वसली. घरं सगळी सारखी, मऊ मऊ. त्या आळीचा पिल्लाचा पाय व्हायचा होता, बरं का. एकेका घराचं एकेक बोट. पण घरांना कुठलं ठाऊक?

ठाऊक होतं ते कडेला राहणाऱ्या हिराक्काला. तिनं खिरापत केली आणि पहिल्या घरी वानवळा धाडला. रीत अशी, की आपला वाटा काढायचा न् उरलेला पुढच्या घरी द्यायचा. जेवढा वाटा, तेवढी बोटाला पेरं. पहिल्या घरचीनं पसाभर घेतलं. दुसरीनं मूठभर. तिसरी सगुणा, तिनं चिमूटभर. आणि शेवटच्या ठकूच्या वाटीत आला एक कण.

ठकूचे डोळे भरले. "एवढंसंच? मी काय सावत्र आहे?"

सगुणा शरमली. शेजारणीला कण कसा द्यायचा? मग तिनं स्वतःचा वाटा ठकूच्या वाटीत ओतला. "खा गं. कोण बघतंय?"

ठकूनं घास उचलला. नुसत्या वासानंच ती पुढं ओढली जाऊ लागली, तिघींच्या रांगेत. मागची जागा ओस पडली.

"ठेव तो घास!" हिराक्का कडाडली. "मोठा वाटा खाल्लास तर तूही पुढंच वळशील. पुढं तिघी आहेत. मागं कोण आहे? मागं बोट नसलं तर पिल्लू फांदी कशी धरेल? पडेल, मेलं मांजर उचलून नेईल. आणि सगुणे, तू खुंटशील ते वेगळंच!"

"मग मी मागं एकटीच राहू?"

"एकटीच."

हिराक्कानं गोड बोलून समजूत घातली नाही. खोटं कशाला बोलायचं?

ठकू खूप रडली. मग तिनं सगुणेचा वाटा सगुणेला परत दिला, आपला कण तोंडात टाकला आणि मागं तोंड करून बसली. बारकं बोट झाली.

मग अंडं फुटलं. पिल्लाची कोंबडी झाली. एकदा मांजर धावलं, तशी ती उडून फांदीवर बसली. वारा सुटला. फांदी हलली. तिघी पुढं घसरल्या. तेवढ्यात ठकूनं मागून फांदी आवळली. मांजर खाली बसून बसून निघून गेलं.

पुढं त्या कोंबडीला पिल्लं झाली, सगळी सुखानं नांदली. कोंबडी फांदीवर झोपते तेव्हाही ठकू पकड सोडत नाही.

मिटा आता डोळे. धरणारी जागी आहे.