कडजाईचं सातवं कोपर

कडजाईच्या घाटात वळणाला कोणी वळण म्हणत नाही. कोपर म्हणतात. 'चौथ्या कोपरावर टायर बसला', 'पाचव्या कोपराला हॉर्न मार', असंच बोलतात. रस्ता दुमडलेल्या हातासारखा गपकन उलटा फिरतो म्हणून हे नाव, असं वर देवळापाशी दौलत गुरव पाहुण्यांना सांगतो. एवढं खरं आहे. पुढचं तो गोड करून सांगतो; खाली गावात सांगतात ते असं.

पूर्वी म्हणे ही वाट सरळ होती. भिंतीला शिडी लावावी तशी पायथ्यापासून माथ्यापर्यंत उभी. चैत्रात पालखी वर न्यायची आणि नेताना देवीकडं पाठ करायची नाही, असा गावच्या म्हाताऱ्यांचा नवस. नवस म्हाताऱ्यांचा, खांदे पोरांचे. दर साली एखादा घसरून जायचा. मग म्हातारे पारावर बसून म्हणायचे, त्याच्याच मनात खोट असणार.

त्या साली राणूचा खांदा लागायचा होता. त्याची बायको ठकू, धनगराची लेक. नवरा उभ्या वाटेनं गेला तर परत येणार नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात. जिथं बायांनी जायचं नसतं त्या बैठकीत ती शिरली. हात पुढं करून तिनं तो कोपरात दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला.

"शेरडं अशी चढत्यात. एक मरत न्हाई."

"शेरडांनी नवस बोललाय व्हय गं?" म्हादबा पाटील म्हणाला. "कोपराशी पाठ व्हईल की आईकडं."

"मग तिथं जाणत्यानं फुडं व्हावं. तोंड आईकडं करून, कडंकडंनं उलटं चालावं. एक तोंड आईकडं ऱ्हायलं म्हंजी झालं. नवस तुमचाच हाय न्हवं?"

मंडळी हसली म्हणे. चारचौघांत हसू झाल्यावर पाटलाला मागं सरता येईना. कोपरांवर आपणच उलटं चालू, अशी त्यानं भंडारा उचलून शपथ घेतली.

वाट खोदली. चैत्रात पालखी निघाली. सहा कोपरांवर पाटील उलटा चालला, दोघांनी काखेत धरलं म्हणून. सातव्यावर मात्र खाली थेट दरी दिसली. पाटलानं राणूला दांडीखालून काढलं.

"माझं गुडघं ऱ्हायलं. माझ्या जागी तू चाल. जवान हायेस."

राणूनं ठकूकडं पाहिलं. चार तर पावलं आहेत, असं तिला वाटलं. राणूनं तीन टाकली.

पालखी थांबली नाही. थांबणं अपशकुनाचं असतं.

ठकू पालखीमागं वर गेली नाही, घरीही गेली नाही. मांडीवर काठी घेऊन ती सातव्या कोपरावर बसली. खाली उतरणाऱ्यांत जो सगळ्यांत थोरला, त्यानं कडेनं उलटं चालायचं, तरच बाकीच्यांना वाट. एकेक म्हातारा थरथरत गेला. पाटील उतरलाच नाही. आज गुडघे, उद्या उपवास. खाली लेकीचं लग्न लागलं, बायको गेली, हा आपला वरच. ठकूही उठली नाही. बारा वर्षांनी पाटील वरच मेला, असं सांगतात.

गुरव त्याची समाधी दाखवतो. पाटलाचा जीव देवीत इतका गुंतला की संसार सोडून तो तिच्या पायाशी राहिला, म्हणतो. पाहुणे हात जोडतात. ठकूच्या नावाचा दगडसुद्धा नाही.

रीत तेवढी उरली. आजही सातव्या कोपरावर गाडी थांबते. गाडीतल्या सगळ्यांत थोरल्या माणसानं उतरून कडेनं चालायचं असतं. ड्रायव्हर मागं वळून विचारतो, "मोठं कोण?" आणि जन्मभर वयाचा मान मागून घेतलेली माणसं तिथं एकमेकांकडं बोट दाखवत आपापली वयं कमी करून सांगतात.