न परतलेली डोमकावळी

समुद्राचे नकाशे नव्हते, तेव्हाची गोष्ट. उत्तरेकडच्या खलाशांचं एक जहाज धुक्यात वाट चुकलं. प्यायचं पाणी संपत आलं. जमीन शोधायला उल्फार तांडेल रोज पिंजऱ्यातली डोमकावळी सोडायचा. जमीन दिसली नाही, की ती परत यायची.

जहाजाच्या टोकावरचा लाकडी ड्रॅगन तिला खिजवायचा, "आलीस परत? भित्री कुठली!"

एके सकाळी धुक्यापलीकडे तिला हिरवागार डोंगर दिसला. 'आता सांगतेच त्या लाकडाला!' म्हणत ती गर्रकन वळली, आणि हवेतच थबकली. आपण परत दिसलो, तर इकडे जमीन नाही असं समजून तांडेल जहाज भलतीकडे नेईल. सगळे तहानेने मरतील. तिने बढाई गिळली आणि मुकाट कड्यावर जाऊन बसली.

दुपारपर्यंत सगळे आभाळाकडे डोळे लावून होते. मग उल्फार नाचतच ओरडला, "आली नाही! अरे, आली नाही! मारा वल्ही तिच्या दिशेने!"

किनारा जवळ येताच खलाशांनी ड्रॅगनचं मुंडकं उतरवलं. जमिनीवरची दैवतं त्याला बघून बिचकू नयेत, म्हणून तसा रिवाजच होता. पोत्यात जाता जाता त्याला कड्यावरून आवाज आला, "ड्रॅगनदादा, आज नाही आले हं परत!"