तिसरी सही

“मग करू ना सही?”

मठाच्या प्रमुख नीलाक्का ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कशावर?”

“निकालावर, अक्का. मघापासून तेच विचारतोय.”

जयवंत हेरवाडकर देशातल्या सगळ्यांत वरच्या न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्यांची आई या मठाची शिष्या. आई गेली, तरी कोर्टाला सुट्टी लागली की ते माळावरच्या या मठात येत. लहानपणी अक्का त्यांना जयवंता म्हणायच्या. न्यायमूर्ती झाल्यापासून साहेब म्हणू लागल्या होत्या. त्यातली टोचणी हेरवाडकरांना कळायची, आणि खरं सांगायचं तर साहेब म्हटलेलं आवडायचंही.

“परत सांगा,” अक्का म्हणाल्या. “मला अडानी बाईला समजंल असं.”

त्यांनी पुन्हा सांगितलं.

खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या लोकांची एक जुनी वस्ती. ती उठवायचा हुकूम निघाला. हुकूम काढण्याआधी त्या लोकांना विचारायला हवं होतं, ते कुणी विचारलं नाही. नोटीस दिली असं कागद म्हणतो, पण ती कुणाच्या हातात पडली हे कागद सांगत नाही. लोक खालच्या कोर्टात हरले, त्याच्या वरच्या कोर्टात हरले, आणि शेवटी सगळ्यांत वर अपिलात आले. तिघा न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली. दोघांचं मत पडलं, अपील फेटाळा, यांनी यायला उशीर केला. निकाल लिहून तयार होता. दोन सह्या झाल्या होत्या. तिसरी हेरवाडकरांची राहिली होती.

“तुमचं मत काय?”

“निकाल चुकीचा आहे.”

“मग तसं लिवा की.”

“लिहिता येतं. माझं मत वेगळं आहे म्हणून निराळं निकालपत्र जोडता येतं. पण अक्का, दोघं एकीकडे आणि मी एकटा. माझ्या एकट्याच्या लिहिण्यानं काय बदलणार? वस्ती उठायची ती उठणारच.”

अक्कांनी एक शेंग फोडली. किडकी निघाली. ती त्यांनी बाजूला टाकली.

“आनि?”

“आणि काय?”

“लिवलं तर तुमचं काय जातंय?”

हेरवाडकर उठून ओसरीच्या कडेला गेले. उगाच माळाकडे पाहिलं. मग परत येऊन बसले.

“त्या दोघांतले एक आमचे मुख्य आहेत. लवकरच निवृत्त होतील. त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं हे तेच सुचवणार. परवा मला म्हणाले, हेरवाडकर, हा निकाल एकमतानं जाऊ द्या.”

“असं म्हना की.”

“मी खुर्चीसाठी विचारत नाहीये, अक्का.”

“न्हाई, न्हाई,” अक्का म्हणाल्या. “खुर्चीसाठी कोन इचारतंय.”

…

“तुमच्या कोर्टात कसले कसले खटले येत्यात?” थोड्या वेळानं अक्कांनी विचारलं.

हा प्रश्न हेरवाडकरांच्या आवडीचा होता. ते सावरून बसले.

“सगळेच. सकाळी एखाद्या कारखान्याचा कर. त्यामागून खून. जेवणाआधी नवराबायकोची फारकत, जेवणानंतर कुणा शिक्षकाची गेलेली नोकरी, संध्याकाळी दोन भावांची जमीन. खालच्या कोर्टात बहुतेकांचा एकेक विषय ठरलेला असतो. आमच्यापुढे काहीही येतं.”

“आन् समद्यातलं कळतंय तुमास्नी?”

“कळावं लागतं. पण आम्ही सगळं मुळापासून उकरत बसत नाही. साक्षीदार पुन्हा उभे करत नाही. खालच्यांनी कायदा नीट लावला का, एवढं पाहतो. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट पाहतो. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला, त्याचं ऐकून घेतलं होतं का? घेतलं नसेल तर तो निकाल टिकत नाही. कर असो, नोकरी असो, फाशी असो. हे मीच एका निकालपत्रात लिहिलंय. कॉलेजात शिकवतात ते.”

बोलता बोलता त्यांचा चेहरा खुलला होता. स्वतःचं निकालपत्र स्वतः ऐकवण्याइतकं सुख थोड्याच गोष्टींत असतं.

“एवढी निरनिराळी मान्सं तुमच्या दारात येऊन म्हनत्यात काय?”

“प्रत्येकाचं वेगळं असतं.”

“समद्यांचं मिळून एक काय?”

हेरवाडकरांनी विचार केला. इतकी वर्षं न्यायासनावर बसूनही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“म्हणतात… खालचा निकाल आम्हाला मान्य नाही.”

“व्हय,” अक्का म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

एवढ्यात मळ्याकडून रेवाप्पा धावत आला. त्याच्या मुठीत मेथीची चघळलेली जुडी होती.

रेवाप्पा पूर्वी ट्रक चालवायचा. एकदा मठात पाणी प्यायला थांबला आणि राहूनच गेला. त्याला घर नव्हतं, घरचं असं माणूस नव्हतं. मळा, गोठा आणि मागचं फाटक, एवढा त्याचा संसार.

“अक्का, शेळ्या शिरल्या मळ्यात. मागलं फाटक उघडं हुतं. उद्याच्या अमावास्येची भाजी समदी गेली.”

अमावास्येला मठात गावोगावचे लोक जेवायला येत. अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“फाटक कुनाकडं हाय?”

“माज्याकडं. पर अक्का, मी…”

अक्कांनी तळहात वर केला.

“पुरं. बोचकं उचल. आजपासनं मठात तुला जागा न्हाई.”

हेरवाडकरांनी मान खाली घातली.

फाटक त्यांनीच उघडं टाकलं होतं. गाडी मागच्या बाजूला लावून, फोन कानाला धरून ते आत आले होते, आणि कडी घालायची राहून गेली होती. रेवाप्पानं फाटकाचं नाव काढलं त्याच क्षणी त्यांना ते आठवलं.

ते गप्प बसले.

आपण पाहुणे. मठाचा आतला मामला. अक्कांचा शब्द इथं शेवटचा, तो चारचौघांत कसा मोडायचा? राग निवला की एकांतात सांगू… हुशार माणसाला गप्प बसायचं असलं की अशी कारणं रांगेनं येऊन उभी राहतात. मला अशा हुशारीची चीड येते.

रेवाप्पा जागचा हलला नाही.

“न्हाई,” तो म्हणाला.

“काय न्हाई?”

“मला ह्ये मान्य न्हाई, अक्का.”

हेरवाडकरांनी मान वर केली. रोज कागदावर वाचायचे हे शब्द. वकिलांच्या तोंडून ते धुऊन, इस्त्री करून येत. असे घामानं भिजलेले त्यांनी कधी ऐकले नव्हते.

“माजं ऐकल्याबिगर मी पायरी उतरनार न्हाई,” रेवाप्पा म्हणाला.

“हितं माझ्या वर कोन हाय?” अक्कांचा आवाज चढला नव्हता, पण धारदार होता. “कुनाकडं दाद मागनार तू?”

“कुनी न्हाई वर. म्हनून तर तुमी ऐकाया पायजे.”

…

अक्का शेंगा फोडू लागल्या. जणू रेवाप्पा तिथं नव्हताच.

रेवाप्पा हेरवाडकरांकडे वळला. “साहेब, तुमी मोठ्या कोर्टातलं. तुमीच सांगा. मानसाला न इचारता घालवत्यात व्हय?”

कॉलेजात शिकवलं जाणारं ते निकालपत्र हेरवाडकरांना आठवलं.

“अक्का,” ते म्हणाले. “फाटक मी उघडं ठेवलं.”

“कवा कळलं तुमास्नी?”

“हा आला तेव्हाच.”

“आन् आता सांगताय.”

“हो.”

“बरं.” अक्कांनी सुपातली टरफलं झटकली. “ऐकलं. निकाल त्योच ऱ्हाईल. रेवाप्पा, बोचकं उचल.”

हेरवाडकरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“अक्का, चूक माझी आहे म्हणतोय मी.”

“ऐकू आलं की. पर निकाल झाला. तुमच्या एकट्याच्या बोलन्यानं काय बदलनार?”

“पण हा निर्दोष आहे.”

“आसंल. काय बी बदलनार न्हाई हे ठाव हाय, मग बोलताय कशापायी? गप बसा. परसाद खावा, आन् ऱ्हावा चार दीस.”

हेरवाडकर उभे राहिले. या मठात लहानपणापासून त्यांनी अक्कांपुढे मान खाली घातली होती. त्यांच्या शब्दापुढे शब्द टाकलेला त्यांना आठवत नव्हता. भीती वाटत होती, पण आता भीतीहून राग मोठा झाला होता.

“कशापायी म्हणजे? खरं आहे म्हणून बोलतोय. तुम्ही याला एक अक्षर विचारलं नाहीत म्हणून बोलतोय. निकाल तुमचा असेल, शेवटचा असेल, तुमच्या वर कुणी नसेल. तरी तो चुकीचा आहे. मला तो मान्य नाही. तुम्ही बदला नाहीतर ठेवा, मी हे बोलणार. तुम्ही मला मठातून घालवलंत तरी फाटकाबाहेर उभा राहून बोलणार.”

इतकं ते एका दमात बोलले. गोठ्यातली गाय हंबरली.

अक्कांनी रेवाप्पाकडे बोट केलं. “बोचकं.”

रेवाप्पानं हेरवाडकरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कोपऱ्यातल्या खोलीत गेला आणि बोचकं घेऊन आला. एक घोंगडी, दोन धोतरं, ट्रकवरची जुनी घंटी. बाकी आयुष्य त्यात मावण्यासारखं नव्हतंच.

“जातो, अक्का,” तो म्हणाला. “मघाशी गेलो असतो तर चोर म्हनून गेलो असतो. आता तसा जात न्हाई.”

“अहो, जाऊ नका तुम्ही,” हेरवाडकर म्हणाले. “मी अजून…”

“ऱ्हाऊ द्या, साहेब. तुमी बोलला. पुरं हाय मला.”

तो पायऱ्या उतरू लागला. बोचकं खांद्यावर होतं आणि मान ताठ. फाटकापाशी पोचला तेव्हा तो घरातून घालवलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. हेरवाडकरांना ते पाहवेना, आणि नजरही काढता येईना.

“रेवाप्पा,” अक्कांनी हाक मारली.

तो थांबला.

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी उतरत, अंगणातून फाटकापाशी गेल्या. रेवाप्पाच्या खांद्यावरचं बोचकं त्यांनी काढून घेतलं. वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो गडबडून मागं सरला, तर त्याचा हात धरून त्याला परत ओसरीवर आणलं आणि आपल्या घोंगडीवर बसवलं. बोचकं स्वतःच्या मांडीवर घेऊन त्या खाली जमिनीवर बसल्या.

मग त्यांनी हेरवाडकरांकडे पाहिलं.

“निकाल म्या आत्ता बदलला, साहेब. ह्याची मान त्याच्या आधीच ताठ झाली हुती. ती कशानं?”