खूणगाठ नसलेली चाळीस पागोटी

मधून ओढा वाहणाऱ्या एका गावात एक रंगारीण होती, आणि काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. ढग आले की तिला वाटे, कापड वाळणार कसं. ऊन पडलं की वाटे, हळद उडणार. लेक जेवली नाही तर काळजी, आणि पोटभर जेवली तर पोट दुखेल ही काळजी. रंगवलेली कापडं घेऊन बाजारोबाजार फिरणारा तिचा नवरा म्हणे, "तुझ्या डोक्यात रंगाची एक नांद कायम उकळत असते." तिलाही ते पटे. मग आपण एवढी काळजी का करतो, याची ती काळजी करी.

पण त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर तिची सलग तीन रात्री झोप उडाली, ती मात्र खऱ्या कारणाने. कारण होतं एक पागोटं.

त्याचं असं झालं. त्या गावात दोन तट होते. एका तटाची माणसं हळदीत रंगवलेली पिवळी पागोटी बांधत, दुसऱ्या तटाची काताच्या रंगाची तपकिरी. दर पाच वर्षांनी दसऱ्याला सारं गाव पारापाशी जमे आणि कारभारी निवडी. रीत अशी, की निवडीला उभं राहणाऱ्याने भाषण करायचं नाही. डोक्यावरचं पागोटं सोडायचं, लोकांपुढे पसरायचं आणि हात जोडून गप्प उभं राहायचं. ज्याला जो पटेल त्याच्या पागोट्यात त्याने एक चिंचोका टाकायचा. आपल्या तटाच्या रंगाचं पागोटं ज्याच्याकडे नाही, त्याला उभंच राहता येत नसे.

रंगारणीच्या घराचीही एक रीत होती. कुठलंही पागोटं नांदेत घालण्याआधी ती त्याच्या कोपऱ्यात एक चिंचोका धरून त्यावर दोऱ्याची घट्ट गाठ बांधे. प्रत्येक घराची गाठ निराळी. कुणाची दुहेरी, कुणाची काठापासून चार बोटं सोडून, कुणाची दोन चिंचोक्यांची. कापड रंगून वाळलं की गाठ बघून ज्याचं त्याला परत देता येई. तिला म्हणत खूणगाठ. गाठीखाली रंग पोचत नसे. त्यामुळे कापड आधी कुठल्या रंगाचं होतं, ते तिथे चिंचोक्याएवढं शिल्लक राही.

गाव ओढ्याच्या या काठाला होतं आणि शाळा त्या काठाला. मधला लाकडी साकव सहा वर्षांपूर्वी पुरात वाहून गेला होता. मागच्या निवडीला गावातला एक पुढारी पिवळं पागोटं पसरून उभा राहिला. "पहिलं काम साकवाचं," असं त्याची माणसं घरोघरी सांगत फिरली. तो निवडून आला. साकव काही आला नाही.

मग पावसाळाभर पोरं शाळेत जात कशी? तर कुंभारकाकांच्या खांद्यावरून. रोज सकाळ-संध्याकाळ हा म्हातारा धोतर खोचून कमरभर पाण्यात उतरे आणि एकेक पोर पलीकडे नेऊन ठेवी. रंगारीण काठावर उभी राहून जीव मुठीत धरी. लेक पलीकडे उतरली की तिचे हात आपोआप जोडले जात. ते देवाला की कुंभारकाकांना, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

निवडीला आठ दिवस उरले आणि कुंभारकाका आपलं एकुलतं एक पागोटं घेऊन आले. पार विटलं होतं.

"पुन्हा हळदच दे, पोरी."

"काका, अहो वारं फिरलंय. सगळे काताकडे चाललेत."

"वाऱ्याने गवत हलतं. मी कुंभार आहे, माझं बूड जड."

"पण उभं कोण राहणार तुमच्याकडून?"

"कुणी उरलंच नाही, तेव्हा मीच," काका म्हणाले. "माझं मलाच हसू येतंय. पण मागच्या वेळी साकव होणार म्हणून घरोघरी सांगत फिरलो तो मी. शब्द त्याचा असला तरी तोंड माझं होतं. म्हणून तर पाण्यात उभा राहतो."

आपण इतकी वर्षं या माणसाला नुसता भला समजत होतो, तो दिलेला शब्द फेडत होता, हे रंगारणीला त्या दिवशी कळलं. तिने पागोटं खुंटीला अडकवलं.

त्याच दुपारी पुढारी आला. मागे एकाच्या डोक्यावर गाठोडं. एरवी तो तिला "ए रंगारीण" म्हणे. निवड जवळ आली की "ताई" म्हणे.

"ताई, चाळीस पागोटी आहेत. माझं एक आणि माझ्या माणसांची एकोणचाळीस. सगळी कातात बुडवायची."

"म्हणजे रावसाहेब, तुम्ही तिकडे?"

"गावाच्या भल्यासाठी," पुढारी म्हणाला.

"आणि साकवाचं काय? तुम्ही शब्द दिला होतात."

"तो शब्द पिवळ्या पागोट्याचा होता, ताई. पिवळ्यांना विचार." तो खुशीत हसला. "आणि हे बघ, खूणगाठी बांधू नकोस. पारावर पागोटं पसरल्यावर मधेच पिवळा ठिपका दिसायला नको."

"रंग बदलायला माझी ना नाही," रंगारीण म्हणाली. "त्यावरच माझं पोट आहे. पण गाठ नसली तर कुणाचं कुठलं, ते मला सांगता यायचं नाही. सगळी एकाच ठाणातली दिसतात."

"मीच वाटली होती मागच्या निवडीला. आमचं आम्ही ओळखू."

एवढ्यात त्याची नजर खुंटीवर गेली. विटकं पिवळं पागोटं त्याने बरोबर ओळखलं. गाठोडंवाल्याला त्याने बाहेर पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, तुझी लेक रोज त्या पाण्यातून जाते ना? निवड झाली की आठव्या दिवशी साकव. तोही तुझ्या दारासमोरून. तू फक्त एक चूक करायची. म्हाताऱ्याचं पागोटं चुकून काताच्या नांदेत पडलं म्हणायचं. त्याच्याकडे दुसरं नाही. इतक्या कापडांत एखादं इकडचं तिकडे होतंच."

तो गेला, आणि रंगारणीची झोपही त्याच्याबरोबर गेली.

पहिल्या रात्री तिने ठरवलं, असलं पाप करायचं नाही. दुसऱ्या रात्री वाटलं, पाप कसलं? साकव झाला तर काकांचेही पाय पाण्यातून सुटतील, म्हणजे हे त्यांच्याच भल्याचं. स्वतःची ही हुशारी बघून तिला पुढाऱ्याची आठवण झाली आणि तिने कूस बदलली. तिसऱ्या रात्री तिला एवढंच दिसत राहिलं की लेक काकांच्या खांद्यावरून निसटलीय आणि आपण काठावर उभ्या आहोत. आणि ज्याने एकदा शब्द मोडला त्याच्या दुसऱ्या शब्दावर आपण विसंबतोय, हे तिला कळत होतं. कळून झोप येते असं थोडंच आहे.

चौथ्या दिवशी तिने दोन्ही नांदा तयार केल्या. चाळीस पागोटी सांगितल्याप्रमाणे बिनगाठीची कातात घातली. मग खुंटीवरचं पागोटं काढलं. काठीच्या टोकावर धरलं. हळद डाव्या हाताला होती, कात उजव्या. काठी उजवीकडे गेली. पागोट्याचं टोक काताच्या वाफेत लोंबत होतं.

"आई," दारातून लेक म्हणाली. शाळेतून आली होती, परकराचा काठ तेवढा ओला. "काकांचं पागोटं कधी होणार?"

"का गं?"

"तीन-चार दिवस त्यांचं डोकं उघडंच आहे. मला धरायला काहीच नसतं."

"धरायला?"

"मी रोज त्यांच्या पागोट्याच्या कोपऱ्यातली गाठ धरते ना. पाण्याला ओढ असली की काका म्हणतात, गाठ सोडू नको, मग मी सोडत नाही. आज मी त्यांचे कान धरले. त्यांना दुखलं असेल, पण ते म्हणाले, धर धर, कुंभाराचा कान भाजलेला असतो."

रंगारणीने काठी मागे घेतली. ती तिथेच खाली बसली. काताच्या वाफेने डोळ्यांत पाणी आलं असं तिने लेकीला सांगितलं. मग जुनी गाठ सोडून तिच्या शेजारीच नवा चिंचोका धरून तिने दोऱ्याचे नेहमीपेक्षा चार वेढे जास्त दिले, आणि पागोटं हळदीत सोडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुढाऱ्याची माणसं पागोटी न्यायला आली. दोरीवर चाळीस तपकिरी पागोटी वाळत होती, एकासारखं एक. पिवळ्याचा कुठे ठिपका नाही. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने ओढलं आणि बांधलं. पुढाऱ्यानेही एक उचललं. शेजारी पिवळं पागोटं बघून तो रंगारणीला म्हणाला, "चूक करायलाही अक्कल लागते."

"ती तेवढी माझ्याकडे नाही, रावसाहेब," ती म्हणाली.

दसऱ्याला पारापाशी गाव लोटलं. पुढाऱ्याने ऐटीत पागोटं सोडलं आणि पसरलं. वारं त्याच्या बाजूचं होतं. चिंचोके पटापट पडू लागले. तेवढ्यात त्याचाच एक माणूस खाली वाकला.

"रावसाहेब, हे माझं आहे. हा रफू माझ्या बायकोने केलाय."

"गप्प बस. हे माझं."

"तुमच्या पागोट्याला कसला रफू? तुम्ही तर फाटलं की नवं घेता."

"मग माझ्या डोक्यावर कुणाचं?" दुसऱ्याने विचारलं आणि आपलं सोडलं. बघता बघता एकोणचाळीस पागोटी सुटली. "हे माझं." "ते आण इकडे." "अरे, याला तंबाखूचा वास येतोय, हे नक्की दाजींचं." रफूवाल्याने एक टोक ओढलं, पुढाऱ्याने दुसरं, आणि त्या ओढाताणीत आत पडलेले सगळे चिंचोके टणाटण उडून पारभर झाले.

शेंगा विकणारी एक म्हातारी आपला चिंचोका शोधून उचलत म्हणाली, "ज्यांना आपलं पागोटं ओळखू येईना, ते आमची गाऱ्हाणी काय ओळखणार?"

लोक हसले. हसता हसता खाली वाकले, चिंचोके उचलले, आणि हातात परत आलेलं मत माणूस दुसऱ्यांदा टाकतो तेव्हा थोडा विचार करून टाकतो.

बाजूला कुंभारकाकांनी आपलं पिवळं पागोटं पसरलं होतं. कोपऱ्यात गाठ तशीच होती. आजूबाजूला जुन्या गाठींच्या खुणा होत्या, सगळ्या पिवळ्यावर पिवळ्या. काकांनी गाठ सोडली तर आतला चिंचोका घरंगळून मधोमध पडला.

"हा धरू नका," काका चिंचोके मोजणाऱ्या पंचांना म्हणाले. "हा रंगारणीचा आहे."

तो न धरताही ते निवडून आले. कारभारी झाल्यावर त्यांनी पहिल्या दिवशी सुतारांना बोलावलं, दुसऱ्या दिवशी दोन्ही तटांच्या तरुण पोरांना. रफूवालाही आला. साकवाला आठ दिवस नाही, चांगले दोन महिने लागले. तो रंगारणीच्या दारासमोरून गेला नाही. ओढा जिथे अरुंद आहे तिथून गेला, आणि तिला पन्नास पावलं जास्त चालावं लागलं. ती पन्नास पावलं ती रोज आनंदाने चालली.

साकवावरून पोरं पहिल्यांदा गेली, त्या दिवशी ती काकांच्या पाया पडली.

"काका, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. आणि एक सांगायचंय. मी काठी कातावर धरली होती. क्षणभर. खरं तर जरा जास्तच."

काकांनी तिला हात धरून उठवलं. मग म्हणाले, "चाकावर मडकं वाकडं होतंच, पोरी. माझंही होतं. चाक फिरतंय तोवर हात लावला तर सरळ करता येतं. तू लावलास. उपकार कुणाचे कुणावर, ते आता मोजत बसू नकोस."

त्या संध्याकाळी लेकीचे केस विंचरताना रंगारणीने तिला सारी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, अगदी काठीसुद्धा लपवली नाही. आणि पोरीला नीट कळावं म्हणून शेवटी सारही सांगितलं.

तात्पर्य: रंग बदलावासा वाटला तर चारचौघांत सांगून बदलावा, पण आधीची खूणगाठ जो पुसायला जातो, त्याला उद्या त्याची माणसंही ओळखत नाहीत आणि तोही स्वतःला ओळखत नाही. आणि ज्याच्या खांद्यावरून आपण पाणी ओलांडलं, त्याची खूणगाठ आपण मनाशी बांधून ठेवावी.

लेकीने सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आई, आता साकव झाला. मग काका मला खांद्यावर कधी घेणार?"