अर्धा उकरलेला हौदा

"मग रविवारी येणार ना, वस्ताद?"

तालमीच्या कट्ट्यावर बसून दगडू वस्ताद काडीने पायाच्या नखातली माती काढत राहिले.

ज्योतिराम समोर उभा होता. वस्तादांनी सांगितल्याशिवाय या तालमीत कुणी बसत नसे, आणि अजून त्यांनी सांगितले नव्हते. बाहेर त्याची गाडी होती, गाडीत ड्रायव्हर होता. नदीअलीकडच्या कॉलेजचा तो आता सचिव. तिथे प्राचार्यसुद्धा त्याच्यापुढे उभे राहत.

"कशाचं उद्घाटन म्हणालास?"

"क्रीडासंकुल, वस्ताद. वरच्या मजल्यावर कुस्तीचा हॉल. सगळा एसी. पोरांना घाम म्हणून येणार नाही."

"येणार न्हाई?"

"म्हणजे... उकडणार नाही."

"हं. आणि काय?"

"गरम पाण्याचं कुंड आहे. अंग रगडायला मशीन आहे. वर जायला लिफ्ट."

"कुणाला?"

"पोरांना."

"पैलवानांना?"

ज्योतिराम जरा ओशाळला. "निवृत्तीनं बसवली त्याच्याकडं. मग पोरं मला विचारतात, तुमच्यात का नाही?"

निवृत्तीचे नाव निघाले तशी वस्तादांची काडी थांबली.

निवृत्ती आणि ज्योतिराम दोघे याच हौद्यात, कुस्तीच्या या लाल मातीत वाढले. दोघांची जोड होती. तालमीत जोड म्हणजे रोज ज्याच्याशी लढायचे तो. त्याने तुम्हाला पाडायचे, तुम्ही त्याला पाडायचे, आणि मग दोघांनी एकाच तांब्यातले पाणी प्यायचे. अशी बारा-चौदा वर्षे गेली. पुढे दोघे एकाच कॉलेजात कामाला लागले. सचिवपद एकालाच मिळाले. दुसरा नदी ओलांडून गेला आणि त्याने पलीकडे स्वतःचे कॉलेज काढले. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोललेले कुणी पाहिले नाही.

बोलत नव्हते, पण बांधत होते. त्याने पोहण्याचा तलाव बांधला की याचा तलाव हातभर लांब. याने मैदानावर दिवे लावले की त्याचे दिवे उंच. जत्रेत एखादे पोर चांगले लढले की दुसऱ्या दिवशी दोघांच्या गाड्या त्याच्या दारात.

तालीम अशीच रिकामी झाली. शेवटी दोन पोरे उरली होती, संभा आणि इरफान. तीही जोडच होती. संभाला ज्योतिरामाने नेले. इरफानला निवृत्तीने.

"संभा कसा हाय?" वस्तादांनी विचारले.

"मजेत आहे. त्याला वेगळी खोली दिलीय, खुराक चांगला आहे, बूट परदेशी."

"लढतो कुणाबरोबर?"

"त्याच्या ताकदीचा दुसरा नाही कॉलेजात. म्हणून बाहुला आणलाय. कातड्याचा. माणसाएवढा जड. कितीही आपटा, थकत नाही."

"डाव उलटवतो का?"

"बाहुला कसा उलटवेल, वस्ताद?"

वस्ताद मान हलवत राहिले, जणू त्यांना ते नव्यानेच कळले होते.

"इरफान नदीपल्याड हाय. तंबाखू मळून हुईस्तोवर माणूस पुलावरनं पल्याड जातो. पाठव की संभाला तिकडं."

"तसं चालत नाही. त्यांच्या पोराबरोबर लढला तर आमच्या पटावरनं त्याचं नाव कमी होतं. नियम आहे."

"कुणी केला?"

"मी." ज्योतिरामाने खाली पाहिले. "पण आधी त्यानं केला."

...

मारुतीच्या कोनाड्यापुढे दिवा जळत होता. हौद्यातून मातीत मुरलेल्या ताकाचा, हळदीचा, जुन्या तेलाचा वास येत होता. ज्योतिरामाने तो वास नाकात घेतला आणि सोडला. पाठ केलेले भाषण त्याला आठवेना.

"खरं सांगतो वस्ताद. संभा दिवाळीपासून एकही कुस्ती जिंकलेला नाही. बाकीची दोन पोरं सोडून गेली. एवढा हॉल बांधला आणि आत लढायला कुणी नाही. तुम्ही आलात, तिथं नुसते बसलात, तरी पोरं थांबतील. नाहीतर... काय बांधलं मी? कशाला बांधलं?"

वस्तादांनी काडी टाकून दिली.

"येतो."

ज्योतिरामाचा चेहरा उजळला.

"पर हौदा लावून दे. माती न लावता वस्तादानं तालीम सोडायची नसते. ठावं हाय न्हवं?"

त्याला माहीत होते. कुणाच्या लग्नाला जायचे असो की मयताला, वस्ताद आधी हौदा उकरून, माती दाबून, सारखी करून घेत. मगच डोक्याला पटका.

ज्योतिरामाने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. हौद्यात पाय टाकण्याआधी त्याचा हात आपोआप मातीला लागला आणि कपाळाला गेला. किती वर्षांनी गेला, ते त्याच्याही ध्यानात आले नाही.

हौद्याचा पलीकडचा अर्धा भाग आधीच उकरलेला होता. माती भुसभुशीत पडली होती.

"पोरं येतात वाटतं अजून?"

"येतात. पोरंच म्हणायची." वस्ताद उठले. "तो अर्धा असू दे. तू हिकडचा उकर."

त्याने खोरे घेतले. माती दगडासारखी बसली होती. पहिला घाव अंगठ्याजवळून गेला.

"पाय संभाळ, सायेब."

"सायेब म्हणू नका, वस्ताद."

"मग खोरं नीट धर, ज्योत्या."

तो उकरत गेला. सदरा पाठीला चिकटला. हातात फोड आला आणि फुटला. मधे एकदा ड्रायव्हर दारात डोकावला. ज्योतिरामाने त्याला हातानेच परत पाठवले. त्याच्या कॉलेजात हे काम करणारा शिपाई वेगळा होता, आणि तो मॅटवरून फडके फिरवायचा. इथे मातीचे ढेकूळ फुटले की आतून लालसर, ओलसर वास वर येत होता. आपण उद्घाटनाचे बोलायला आलो होतो, हे तो थोडा वेळ विसरून गेला.

अर्धा हौदा उकरून झाला.

"आता फळी फिरव," वस्ताद म्हणाले.

भिंतीला लाकडाची जाड फळी टेकून ठेवलेली होती, दोन्ही टोकांना दोर. उकरलेल्या मातीवरून ती ओढायची. एकाने ओढायची, दुसऱ्याने वर बसायचे. वर वजन असेल तरच माती दबते. आणि वर बसायचे ते ओढणाऱ्याच्या जोडीनेच. दुसऱ्या कुणाला वस्ताद बसू देत नसत. ज्याला उद्या उचलायचे आहे त्याचे वजन आधी खांद्याला कळू दे, असे त्यांचे म्हणणे.

ज्योतिरामाने दोर खांद्यावर घेतला. जुन्या घट्ट्यावर तो बरोबर बसला. त्याने ओढली. रिकामी फळी मातीवरून नुसती तरंगत गेली.

"ड्रायव्हरला बोलावू का?"

"ड्रायव्हर तुझी जोड हाय का?"

...

निवृत्ती फळीवर मांडी घालून बसायचा. मुद्दाम मागे रेलायचा, म्हणजे ओझे वाढावे. "हं, चल रे बैला," म्हणायचा. मग पाळी बदलली की ज्योतिराम त्याचे सगळे उट्टे काढायचा. दोघे हसत हसत मातीत पडायचे, आणि वस्तादांची छडी दोघांच्याही पाठीवर सारखीच बसायची. तेव्हा माती अशी बसायची की तिच्यावर पावले उमटत नसत.

ज्योतिराम दोर धरून नुसताच उभा राहिला.

"मी बसतो," वस्ताद म्हणाले.

"तुम्ही? नको, वस्ताद."

"वड."

वस्ताद भिंतीला धरून हौद्यात उतरले आणि फळीवर बसले. गुडघे पोटाशी, दोन्ही हात फळीला. एके काळी या माणसाला जागचे हलवायला दोन पैलवान लागत. तालमीतल्या पोरांची पैज असायची, वस्तादांना कोण हलवतो. कुणीच हलवले नव्हते.

ज्योतिरामाने सवयीने सगळा जोर लावला.

फळी झटक्यात पुढे आली. तो तोल जाऊन पडता पडता वाचला. त्याने घाईने मागे पाहिले. वस्ताद फळीवरच होते. हाडे आणि कातडे, वर एक पांढरा सदरा.

त्याने पुन्हा ओढली. हळू. पुन्हा एकदा. फळी मातीवर नुसती घसरत होती. ढेकळे तशीच, भुसभुशीत तशीच. मागे एक पुसट ओरखडा तेवढा उमटत होता.

तो आपल्या अर्ध्या भागाच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. पलीकडच्या अर्ध्या मातीवरही आधीचाच तसाच पुसट ओरखडा होता. तीही दबलेली नव्हती.

त्याच्या खांद्यावरून दोर गळून पडला. तो मातीतच बसला. वस्तादांनी बसायला सांगितले नव्हते.

"वस्ताद... तुमचं वजन पडत नाही हो आता. अशी माती बसायची कशी?"

वस्ताद फळीवरून उठले नाहीत. त्यांनी एक हात इकडच्या मातीत घातला, एक पलीकडच्या. दोन्ही मुठी भरल्या. मग माती बोटांतून हळूहळू गळू दिली.

"निवृत्ती परवा ह्येच इचारून गेला."