न बुडणारी वाटी

एकदा एक मुलगी निळीची रंगाई शिकण्यासाठी नदीकाठच्या एका वृद्ध रंगाऱ्याच्या घरी राहायला आली. बुद्धीने तल्लख, हाताला वळण. पण मनाने फार धास्तावणारी. पाल चुकचुकली तरी दचकायची. तीन वर्षे सरली आणि तिच्या परीक्षेची वेळ आली. त्या घरची रीत अशी, की शिष्याने स्वतःचा रांजण लावायचा. पाण्यात नीळ, चुना आणि टाकळ्याचे शिजवलेले बी घालायचे आणि ते मिश्रण सात दिवस आंबत, जिवंत राखायचे. आठव्या सकाळी त्यात कापड बुडवायचे. संधी तीनच. तिन्ही फसल्या तर बोचके बांधून घरची वाट धरायची, पुन्हा या विद्येला हात लावायचा नाही.

तिचे दोन रांजण मेले होते.

कारण तिला ठाऊक होते, पण सांगायची लाज वाटे. तिला रात्री जाग येई. एकदा जाग आली, की रात्र किती उरली याचा घोर लागे. त्यासाठी तिने युक्ती केली होती. कापड किती वेळ भिजवायचे ते मोजायला रंगशाळेत तांब्याची वाटी असे. तिच्या तळाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की घटकाभराने भरून बुडे आणि घंगाळाच्या तळावर टण्णकन वाजे. ही वाटी ती रात्री घंगाळासकट उशाशी ठेवी. एक टण्ण, दुसरी टण्ण. आता इतक्याच घटका राहिल्या, आता झोप लागली नाही तर उद्या हात थरथरणार, रांजण बिघडणार! रांजणाची आठवण आली की तिला राहवत नसे. ती अंधारात जाई, झाकण उचलून पाही. जिवंत आहे ना? परत येऊन पडे. परत जाई. दिवसातून एकदाच, सकाळी झाकण काढायचे असते, हे तिला काय माहीत नव्हते?

तिसरा रांजण लागला त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने तिची वाटी मागून घेतली, बोटाने मेण मऊ केले आणि तळाचे भोक बुजवून टाकले.

मुलगी घाबरून म्हणाली, "बाबा, अहो, आता ही बुडायची कशी?"

"नाही बुडायची," म्हातारा म्हणाला. मग त्याने सुताच्या गुंत्याने भरलेली टोपली तिच्यापुढे सरकवली. "जाग आली आणि झोप येईना, तर अंथरुणावर तळमळत पडायचं नाही. उठायचं, पडवीत दिवा बारीक करून हा गुंता सोडवत बसायचं. डोळे जड झाले की गाठ अर्धी असली तरी टाकायची आणि निजायचं."

"आणि रांजण?"

"रांजण तुझा आहे. झाकणाला मी कुलूप लावलेलं नाही."

आतून त्याची म्हातारी ओरडली, "वाटी बंद केली ते बरं केलंत! हिच्या त्या टण्णटण्णीनं माझी म्हैस दूध चोरायला लागलीय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी लाल डोळ्यांनी आली. "बाबा, रात्री वाटी नुसती तरंगत राहिली. किती घटका गेल्या, किती उरल्या, काहीच कळेना. जीव नुसता कासावीस."

"कळलं असतं तर काय केलं असतंस? रात्र ओढून लांब केली असतीस?" म्हातारा हसला. "पोरी, मलाही रोज दोनदा जाग येते. तुझ्या वाटीची टण्णटण्ण मीही मोजायचो. आपण दोघे जागे असायचो, पण मी मजेत असायचो. जाग येणं हा काही गुन्हा नाही. अगं, रांजणातली नीळ अंधारात, झाकणाखाली आपलं काम करते. आपण सारखं उघडून 'झालं का, झालं का' विचारलं की आत वारा शिरतो आणि ती बिचारी रुसून बसते. झोपही तसलीच मानी आहे. तू झोपत नव्हतीस, झोपेवर पहारा देत होतीस. झोप आणि रांजण, दोन्ही तू एकाच हाताने मारलेस."



चौथ्या रात्री कसोटी आली. तिला जाग आली ती थेट छातीत धडधड घेऊनच. पावले आपोआप रांजणाकडे वळली. हात झाकणावर गेला. ओल्या मातीचा गार स्पर्श झाला. आता उचलले की कळेल, मग सुखाने झोपता येईल... हेच तिने मागच्याही वेळी स्वतःला सांगितले होते! तिने हात मागे घेतला. पडवीत जाऊन दिवा बारीक केला आणि एक गाठ हाती घेतली.

आठव्या सकाळी म्हाताऱ्याने झाकण काढले. वर तांबूस चमकदार साय, खाली पिवळट हिरवे पाणी! मुलीने पांढरे कापड बुडवले, वर काढले. हिरवेगार. मग वारा लागला आणि तिच्या डोळ्यांदेखत हिरव्यातून निळा उमटू लागला. कडांकडून मध्याकडे, गर्द, गर्द, आणखी गर्द. म्हातारी पिठाच्या हातांनी धावत आली.

"लागला गं बाई रंग! लागला!"

म्हाताऱ्याने मात्र टोपली आणली आणि भुवया उंचावल्या. "आणि हे काय? सात रात्री झाल्या, अर्धा गुंतासुद्धा सुटला नाही?"

"पहिल्या रात्री हातभर सुटला होता," मुलगी हसू आवरत म्हणाली, "मग वीतभर. काल तर एकच गाठ घेतली हातात. काय करू बाबा, मध्येच झोप लागते!"

म्हातारा खदखदून हसला. त्याने तो न सुटलेला गुंता उंच धरला आणि दोरीवर, त्या निळ्या कापडाच्या शेजारी, मोठ्या मानाने वाळत घातला.

आपल्याही उशाशी अशी एखादी वाटी असतेच. आज निजण्यापूर्वी तिचे भोक तेवढे बुजवून ठेवावे.