बारीक नळीची बंदूक

"…मग नेम कुठे धरायचा, आबा? डोक्यावर की छातीवर?"

विश्राम परबाने रानाच्या वाटेवर पुन्हा विचारलं. गावच्या जत्रेत दोरीला टांगलेलं लिंबू त्याने पहिल्याच बाराला उडवलं होतं. ससा तर लिंबापेक्षा केवढा मोठा.

भागोजी आबा नुसते हसले. उभी हयात त्यांनी याच रानात शिकार केली होती. बंदूक शिकायची म्हटलं की आसपासच्या गावांतली माणसं त्यांच्याच अंगणात येऊन बसायची. त्यांची ठासणीची बंदूक बारीक नळीची. गोळी वाटाण्याएवढी.

आबांनी नळीत दारू ओतली, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासली, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली आणि दगडाआड बसले. विश्राम शेजारी.

ऊन कलताना करवंदीच्या जाळीतून ससा निघाला. अर्धा बाहेर, अर्धा आत.

आबांनी दस्ता खांद्याला लावला. विश्रामने श्वास रोखला.

सशाने कान टवकारले, नाक हलवलं… आणि सावकाश जाळीत परत गेला.

बंदूक वाजलीच नाही.

"मी असतो तर पाडला असता," विश्राम म्हणाला.

"नक्की?"

"…बहुतेक."

आबांनी बंदूक त्याच्या हातात दिली.

"रिकामी कर. भरलेली घरात नेत नाही मी."

त्यात काय अवघड? विश्रामने नळी आभाळाकडे केली, घोडा मागे ओढून चापावर बोट ठेवलं.

आबांनी उठून नळीच्या तोंडावर आपला तळहात ठेवला.

"आबा… हात काढा."

"आवाज न करता कर."

विश्रामने जपून घोडा उतरवला. आबांनी टोपी काढून घेतली, दारू भिजावी म्हणून नळीत पाणी ओतलं, गजाच्या टोकाला गोळी उपसायचा स्क्रू लावून तो पुढे केला.

विश्राम दगडावर बसून नळीत गज फिरवत राहिला. स्क्रू गोळीत रुतायचा, ओढला की निसटायचा. हात काळे झाले. सूर्य डोंगराआड गेला. मान वर केली की समोर ती जाळी दिसायची, आत नुसता काटा आणि काळोख. अर्धवट लागलेला ससा तिथे शिरला असता तर… कुठे शोधला असता त्याला?

शेवटी गोळी आली. ओरखडलेली, वाकडी.

विश्रामने ती तळहातावर धरली.

"वाया गेली, आबा."

आबांनी त्याची मूठ मिटली.

"कुठे? लागली की."